निवृत्तीनंतरचे आरोग्य आणि माझी उजवी दाढ

२२ डिसेंबर, रविवार
नांदेडहून निवृत्त कर्मचारी संघटनेचा फोन. दोन फेब्रुवारीच्या मेळाव्यात माझं भाषण. विषय : निवृत्तीनंतरचे आरोग्य. अध्यक्ष म्हणाले, अडुसष्टाव्या वर्षी शुगर नाही, बीपी नाही, दात सगळे स्वतःचे. शिवशंकरराव, तुमच्याशिवाय दुसरं कोण? आढेवेढे घेतले, पण बेतानं. लगेच मुद्दे काढले. मुद्दा पहिला : शिस्त.
उजवीकडची खालची दाढ जरा ठणकून राहिली. लक्ष द्यायचं नाही. लक्ष दिलं की जास्त दुखतं. मुद्दा दुसरा.

२४ डिसेंबर
गार पाणी लागलं की डोळ्यांत पाणी. बायकोनं, म्हणजे उज्वलेनं, मागच्या वर्षी स्वतःचं रूट कॅनल करून घेतलं, तेव्हापासून तिला लोकांच्या तोंडात बघायची सवय लागली. तिचं मन मोडू नये म्हणून दवाखान्यात गेलो. डॉ. देविका आमच्या मुलीच्या, मनस्विनीच्या वयाची. एक्स-रे बघून म्हणाली, काका, कीड आतल्या नसेला लागली, पण दाढ वाचते. रूट कॅनल आणि वर कॅप, साडेसात हजार.
विचारलं, एका दाढेचे? हो म्हणाली. म्हटलं, एवढ्यात चांगला मिक्सर येतो, तोही दळतो, शिवाय गॅरंटी. हसली नाही. विनोदबुद्धी कमी. विचार करून सांगतो म्हणालो आणि विचार तिथल्या तिथंच करून टाकला.

३० डिसेंबर, येळवस (वेळ अमावास्या)
ऑफिसातला जुना जोडीदार बसलिंगप्पा, त्याच्या निलंग्याच्या शेतावर. येळवसेचं जेवण : भज्जी, उंडे, आंबील. सगळं डावीकडून चावलं. दाढ अजिबात दुखली नाही, म्हणजे बरी झाली.
बसलिंगप्पानं कवळी काढून रुमालात ठेवली आणि हिरड्यांनी जेवला. म्हणाला, मीबी लई वर्षं खर्चाला भिऊन थांबलो, आता तोंडात दुखायला काहीच न्हाई. बिचारा. शिस्त नाही. भाषणात त्याचं उदाहरण घ्यावं, नाव न घेता. निघताना लवंगेचं तेल दिलं त्यानं.

६ जानेवारी
तेलानं दाढ सोडून सगळं तोंड भाजलं. जीभ बधिर. मनस्विनीचा नांदेडहून फोन आला, तर तिला वाटलं पप्पांना पॅरालिसिस झाला. जावई तसेच गाडी काढून निघाले. वाटेतल्या लोह्यापर्यंत आले तेव्हा उज्वलेनं फोनवर खरं काय ते सांगितलं. तिथूनच परत गेले. आलेच होते तर चहाला यायला हरकत नव्हती.

९ जानेवारी
मेडिकलवाल्याकडून दुखण्याच्या गोळ्या. त्यानं पित्त झालं. पित्ताच्या गोळ्या. दाढेवर मात्र अजून एक रुपया खर्च केलेला नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
शेजारच्या रेणुकाताईंनी तिळाची वडी दिली. चावली. वडी शाबूत राहिली. अर्धी दाढ हातात आली. आधी शेंगदाणा वाटला.
नीट विचार केला. किडलेला भाग आपोआप निघाला. डॉक्टरनं त्याचेच पैसे घेतले असते. उज्वलेला हे समजावलं. तिनं मला तिळगूळच दिला नाही.

२८ जानेवारी
गाल सुजला. एका बाजूनं तब्येत सुधारल्यासारखी वाटते. भाषणाची तालीम केली. ‘शिस्त’ म्हणताना ‘शित्त’ येतं. शब्द बदलून ‘नियमितपणा’ घेतला. तो त्याहून अवघड.

१ फेब्रुवारी
सकाळपासून ताप. उज्वलेनं न विचारता रिक्षा बोलावली. डॉ. देविका म्हणाली, काका, आता वाचत नाही, काढावी लागेल. काढली. तिथं नवीन दात बसवायचा तर इम्प्लांट, पस्तीस हजार. कापसातून विचारलं, डिसेंबरचा रेट चालणार नाही का? म्हणाली, डिसेंबरात दाढ होती.
दोन दिवस बोलायचं नाही. म्हटलं, उद्या भाषण आहे. तिनं विषय विचारला. उज्वलेनं सांगितला. ही मुलगी हसते, हे आज कळलं.

२ फेब्रुवारी, नांदेड
भाषण वाचायला उज्वलेला दिलं. चार पानं, स्वच्छ अक्षर. तिनं पहिली ओळ वाचली, पानं पर्समध्ये ठेवली आणि झालं ते सगळं सांगितलं. लवंगेचं तेलसुद्धा. लोह्यापर्यंत आलेले जावईसुद्धा. लोक हसून हसून बेजार. बसलिंगप्पा पहिल्या रांगेत कवळी हातानं दाबून धरून बसला होता. नंतर तीन जणांनी डॉक्टरचा नंबर घेतला. एक बाई म्हणाल्या, आमचे हे पण असेच करून राहिले. अध्यक्षांनी पुढच्या वर्षीचं भाषण उज्वलेला दिलं. शाल तिलाच. मांडणी माझीच होती, पण असो.
जेवणात सगळ्यांना पुरणपोळी, मला वरणाचं पाणी. उज्वला माझ्याशेजारी बसली, पोळी तिनंही घेतली नाही. म्हणाली, भिशीचे पैसे आलेत, मंगळवारची वेळ घेतली. उरलेल्या दाढा दाखवून यायच्या. माझ्या काही अटी होत्या. पण तोंडात कापूस. नुसती मान हलवली. ती मंजुरी समजण्यात आली.