चौदा चिठ्ठ्या आणि बँकेचे साहेब

तीर्थस्वरूप मामांना,

नमस्कार शिरसाष्टांग समजावा; प्रत्यक्षात मी टेबलाशी बसून लिहिते आहे. तब्येत कशी आहे? फोनवर तुम्ही आईला नुसतं “ठीक” म्हणता. मोजमाप म्हणून ते चालत नाही, तरी सविस्तर कळवावं. आम्ही बरे आहोत. आईने आठवडाभर माझ्या लग्नाचा विषय काढलेला नाही, त्यामुळे तिची मात्र तब्येत दाखवून घ्यावी म्हणते.

लिहिण्याचं निमित्त आमचं दुरुस्ती मंडळ. दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत लोक बिघडलेल्या वस्तू आणतात आणि आम्ही त्या फुकट दुरुस्त करून देतो. (नोकरीत मी आठवडाभर मोजमापाची उपकरणं तपासते आणि सुट्टीच्या दिवशी इस्त्र्या उघडते. आई याला विश्रांती मानत नाही.) मी सोडून मंडळात तिघं, तिघंही निवृत्त: घड्याळवाले आजोबा, पंपवाले काका आणि शिलाई मशीनवाल्या मावशी, ज्यांच्यापुढे स्क्रूसुद्धा उलट बोलत नाही. गेल्या महिन्यात ग्रंथपाल बाईंनी सांगितलं की खोलीची वायरिंग फार जुनी झाली आहे, या महिनाअखेरपर्यंत परवाना असलेल्या माणसाकडून नवी करून दाखला आणा, नाहीतर खोलीला कुलूप. बाई वाईट नाहीत, त्यांचा स्वतःचा रेडिओ आमच्याकडे दोनदा येऊन गेलाय. पण आग लागली तर पुस्तकांना पळता येत नाही, असं त्या म्हणाल्या.

इथली एक लहानशी बँक (या भागाबाहेर ती कुणाला माहीत नाही, आणि बँकेला त्याचं काही वाटत नाही) स्थानिक मंडळांना अनुदान देते. मी अर्ज भरला. एका रकान्यात विचारलं होतं, लाभार्थी पुन्हा किती वेळा येतात? मी लिहिलं, “दुरुस्ती नीट झाली असल्यास येत नाहीत.” काका म्हणाले, अगं, जरा फुगवून लिही की. मी फुगवलं नाही. तरीही बँकेचं उत्तर आलं, की शनिवारी अकरा वाजता आमचे साहेब गरज पाहायला येतील.

साहेबांना शोधाशोध नको म्हणून शुक्रवारी मी वायरिंगमधले चौदा बिघाड हेरले आणि प्रत्येकावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली. चूक झाली ती इथे, आणि ती माझी आहे. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी लागते. ज्याचे हात मोकळे असतील त्याने सगळ्यात लहान क्रमांक घ्यायचा, काम करायचं, चिठ्ठी डब्यात टाकायची. कुणी कुणाला विचारायचं नाही. हा नियमही मीच केलेला, कारण पूर्वी तिघं मिळून एकच टोस्टर उघडायचे. शनिवारी तिघंही सकाळी आठलाच खोलीवर हजर होते. मला हे अकरा वाजता कळलं, साहेबांबरोबरच.

साहेबांनी माझी यादी वाचून पहिलं बटण दाबलं. दिवा लागला. चौथ्या क्रमांकाचा प्लग हलवून पाहिला, हलला नाही. नवव्याला त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, “मॅडम, यात बिघडलंय काय?”

“काही नाही साहेब,” आजोबा अभिमानाने म्हणाले, “चौदाच्या चौदा झाले.” आणि चिठ्ठ्यांचा डबा त्यांच्या हातात दिला. चौदावा जरा हट्टी होता, असं मावशींनी जोडलं.

साहेबांनी फाईल मिटली. गरज दिसत नाही, म्हणाले. मग मला बोलावं लागलं.

“या तिघांपैकी एकाकडेही वायरमनचा परवाना नाही, साहेब. काल इथे चौदा बिघाड होते. आज चौदा बेकायदेशीर दुरुस्त्या आहेत. गरज वाढली आहे.”

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मशीनची सुई मोडली. साहेबांनी मिटलेली फाईल पुन्हा उघडली आणि विचारलं, हे लेखी द्याल का? मी जागेवर तीन प्रतींत दिलं. मंगळवारी अनुदान मंजूर झालं, अट एकच: सगळं काम परवानाधारकाने नव्याने करावं. (मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी “मीटर दे इकडं” म्हणाल्या. मी तो समेट धरला आहे.)

मात्र माणूस टिकत नाही. पहिला वायरमन आला, तिघांनी त्याला तीन बाजूंनी सल्ले दिले, वीस मिनिटांत त्याला दुसरीकडचं काम आठवलं. दुसऱ्याने समोर मांडलेली तीन स्टुलं पाहिली आणि दारातूनच परतला. महिना संपायला नऊ दिवस आहेत. बाकी सगळं छान चाललंय.

तुमची भाची

ता. क. तुम्ही निवृत्त झालात तरी तुमचा वायरमनचा परवाना अजून दोन वर्षं चालतो, मी नोंद पाहिली. याल का? समोरच्याचा सल्ला कानाआड करण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही, असं आई नेहमी सांगते.

ता. ता. क. मामी गेल्यापासून घरात तुमच्याशी बोलायला कुणी नाही. इथे तिघं एकाच वेळी बोलतात. काम दोन दिवसांचं आहे. येण्याचं तिकीट सोबत जोडलंय. परतीचं मिळालं नाही. (मिळत होतं. मी काढलं नाही.)