शेऱ्याचा रकाना

सातपूर, नाशिक

संजना वहिनी, जय भीम.

तिकडे टपाल जात नाही, म्हणूनच लिहितेय.

खार्टूमच्या लढाईपायी तुम्ही ज्या शाळेत आसऱ्याला आहात, तिथं दोन पोरांना गोवर निघालाय, दवाखाने बंद आहेत. आपल्या बोधीला होईल का, असं तू फोनवर विचारलंस. मी म्हणाले, काही होत नाही, पाणी उकळून पाज.

तुम्ही इथून निघायच्या आदल्या दिवशी तिचा गोवराचा दुसरा डोस होता. सर्दी आहे म्हणून मीच तो टाळला. साध्या सर्दीत लस देता येते, हे माझ्यासारख्या नर्सला माहीत असतं. लसीच्या तापानं विमानात पोरगी किरकिरली तर दादा मला बोलेल, एवढंच होतं.

डोस राहिलेल्या मुलांच्या यादीत दर महिन्याला तिचं नाव येतं. शेऱ्यात मी लिहिते, 'बाहेरगावी'.

तुझी नणंद,
उज्ज्वला