शेवाळाचा चहा आणि माझे केस

२ फेब्रुवारी १९८६, रविवार
मालनमावशीने स्थळ आणलं. माणिक, मुलुंडची, टेलिफोन खात्यात. बघायला २३ तारखेला जायचं. फोटो पाहिला. खल्लास! त्यांना माझा दहा वर्षांपूर्वीचा फोटो दिलाय. त्यात केस आहेत. म्हणजे एकवीस दिवसांत केस परत आणायचे. ठरवलं की होतं.

३ फेब्रुवारी
कंपनीतल्या चंद्रप्रकाशने उपाय सांगितला. समुद्राचं शेवाळ वाळवून त्याचा चहा, दिवसातून तीनदा. हजारो वर्षांचं पारंपरिक औषध. कुठल्या परंपरेतलं ते त्याला आठवेना. त्यालाही टक्कल आहे, पण म्हणाला, आपण मनापासून घेतलं नाही यार.

५ फेब्रुवारी
सिक लीव्ह टाकून मढला गेलो. खडकावरून पिशवीभर शेवाळ खरवडलं. एका कोळणीने विचारलं, याचं काय करणार? पिणार, म्हटलं. ती हसत हसत खालीच बसली. लोकांना घरच्या वस्तूची किंमत नसते.
बाल्कनीत दोरीवर वाळत घातलं, शर्टांच्या शेजारी. आई बघून ओरडली, मेल्या, ह्या आमी माडाक घालतव! मालवणात खत म्हणून वापरतात म्हणे. पण माड केवढा वाढतो! आणि नारळाला शेंडी येते. आईने नकळत पुरावाच दिला.

६ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
पहिला कप. शी! चार चमचे साखर घातली तरी खारट. औषध आहे, सरबत नव्हे.

११ फेब्रुवारी
फरक पडतोय. बसमध्ये शेजारची सीट आपोआप रिकामी होते. चेहऱ्यावर तेज आलं असणार.

१४ फेब्रुवारी
काल तिन्ही कप चुकले. पोट बिघडलं होतं, त्याचा चहाशी संबंध नाही. भरपाई म्हणून चोथा डोक्याला चोळला. हा माझा स्वतःचा शोध.

१७ फेब्रुवारी
शेजारच्या कुंदावहिनी विचारून गेल्या, तुमच्याकडे उंदीर मेलाय का? गटाराचं बघा, म्हटलं. बिल्डिंगच्या तीन मांजरी हल्ली पाठ सोडत नाहीत. मुक्या जनावराला माणूस कळतो.

२० फेब्रुवारी
उजव्या कानामागे केस! आईला दाखवला. तो पहिल्यापासून आहे, म्हणाली. आईचा चष्मा बदलायला हवा.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
झकास कार्यक्रम. निघताना दोन कप जास्तीचे, वर निळा शर्ट. माणिक फोटोपेक्षा छान. मनमोकळी हसते. आल्या आल्या विचारलं, उकडतंय ना, खिडकी उघडू? केवढी काळजी! मग पंखाही लावला. वडील गॅलरीतूनच बोलत होते, लाजाळू आहेत. पोहे देऊन ती पार दाराशी जाऊन उभी राहिली. संस्कार! डोक्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. होकार नक्की. हीच हवी मला. दुसरी नकोच.

२८ फेब्रुवारी
नकार.
मावशीला म्हटलं, टक्कल नडलं. ती भडकली. टकलाचं तिने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि पोरगी चालेल म्हणाली होती. बघणं नुसतं नावाला होतं. पण मासळी खाणारी माणसं असूनही त्यांना माझ्याजवळ बसवेना.
पोरगी चालेल म्हणाली होती.

९ मार्च
दहा दिवस चहा बंद. शर्ट चारदा धुतला. आज मावशीच्या हातापाया पडलो, एकदा परत विचार ना. ती म्हणाली, काल तिचा साखरपुडा झाला, ठाण्याच्या मुलाशी.
मुलगा दिसायला कसा आहे, विचारलं.
मावशी म्हणाली, टक्कल आहे. तुझ्यापेक्षा मोठं.