खरवडलेली कंबर

प्रिय ताई,

गुडघा कसा आहे? औषध वेळेवर घेतेस असं लिहू नकोस, मला खरं वाटणार नाही.

मी इकडे बरी आहे. वर्षअखेर निवृत्त होतेय. शेवटचं काम म्हणून संग्रहालयाने दोनशे वर्षांपूर्वीचं एक व्यक्तिचित्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं. खुर्चीत बसलेली बाई, मागे गडद तपकिरी भिंत. आमच्या दुकानात हिची पोस्टकार्डं खपतात ती नाजूक खांद्यांमुळे आणि मुठीत मावेल अशा कमरेमुळे. साफसफाईआधी एक्स-रे काढला, तर आमचा तंत्रज्ञ फिल्म घेऊन धावतच आला, "बाई, ही तर दीडपट आहे!"

होतीच. दुपदरी हनुवटी, गोल दंड, खुर्चीत न मावणारं अंग. त्या काळी असं अंग म्हणजे खात्यापित्या घराची शोभा, त्यामुळे बाई ऐटीत बसली होती. पुढे आवड पालटली आणि बहुधा नातवंडांपैकीच कुणाला तरी तिची लाज वाटली. रंगारी बोलावून त्यांनी भिंतीचाच तपकिरी रंग तिच्या दोन्ही बाजूंवर चढवून घेतला. आमच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले, "लोकांना सवय झालेली बाई कशाला बदलायची?" आमच्या विभागप्रमुख म्हणाल्या, "ती आधीच कुणीतरी बदललीय. आपण फक्त पुसतोय."

अकरा आठवडे मी कापसाचे बोळे फिरवत होते. चित्र परत लागलं त्या दिवशी दालनात उभी राहिले. दोघं-तिघं हसले. एक मुलगी मात्र आईला म्हणाली, "अगं, थेट आत्या!" आणि दोघी बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

त्या कामात एकदाच माझा हात थांबला, डावा दंड पूर्ण मोकळा झाला तेव्हा. कारण ती युक्ती मला पाठ होती.

तू चोवीस वर्षांची होतीस, मी एकोणीसची, तू जिला 'काडी' म्हणायचीस ती. मी फोटो स्टुडिओत निगेटिव्ह दुरुस्त करायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. तुझ्या पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनाचा फोटो आमच्याकडेच काढला होता. काळा पडदा, फिकट पोशाख, तू खळखळून हसतेयस. कंपनीचा माणूस आला आणि मालकांना म्हणाला, "आवाज हिचाच राहू दे, कंबर तेवढी दुसरी लागेल." मालकांनी ते निगेटिव्ह माझ्यापुढे सरकवलं. निगेटिव्ह पात्याने खरवडलं की तेवढा भाग छापताना काळा येतो, पडद्यात विरून जातो. दोन्ही दंड, कंबर, हनुवटीखालचं थोडं. दुपारभराचं काम. मालक म्हणाले, हात चांगला आहे तुझा. मला आनंद झाला, ताई. तो मी लपवणार नाही.

तू रेकॉर्ड घरी आणलीस, वेष्टनाकडे बघत राहिलीस आणि विचारलंस, "ही कोण?" आई म्हणाली, छान दिसतेयस की! मी ताटातून मान वर केली नाही. पुढच्याच कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी तुला बघून आयोजकांना विचारलं, "मुख्य गायिका कधी यायच्या?" माइकसमोर तुला ते ऐकू गेलं होतं. तू सगळी गाणी म्हटलीस, एकही गाळलं नाहीस. नंतर मंचावर कधी चढली नाहीस. एकतीस वर्षं शाळेत मुलांना गाणं शिकवलंस आणि विचारणाऱ्याला घशाचं कारण सांगितलंस. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. कारण तुझा घसा नव्हता, माझ्या हातातलं पातं होतं, हे एवढ्या वर्षांत माझ्या तोंडून निघालं नाही. तू स्टुडिओच्या मालकांना दूषणं द्यायचीस तेव्हाही मी गप्प बसले.

आता हे का लिहितेय ते सांगते. कंपनी जुन्या रेकॉर्ड पुन्हा काढतेय. तुझा पत्ता त्यांच्याकडे नव्हता, म्हणून परवा त्यांच्याकडे काम करणारी एक मुलगी माझ्याकडे येऊन गेली. फोटो कोणता छापायचा, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ते ताई सांगेल. खरवडलेलं निगेटिव्ह भरून येत नाही. पण त्या दिवशी पातं लावण्याआधी मी एक प्रत काढून ठेवली होती. का, ते तेव्हाही कळलं नव्हतं. ती सोबत पाठवतेय. तू ती कधी पाहिलेलीच नाहीस. आधी त्या फोटोतल्या मुलीकडे नीट बघ. मग मला काय बोलायचं ते बोल, किंवा बोलूच नकोस.

तुझीच,
काडी