श्वास सोडल्यावर दिसलेली गाठ

दादा, तुमचा तो सोनोग्राफीचा फोटो अजून माझ्या कपाटात आहे. छपाई पार उडाली, कागद पिवळा पडला, पण त्यातला काळा गोळा मी डोळे मिटून काढून दाखवीन. मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते आणि तुम्ही एसटीडी बूथवरून हॉस्टेलवर फोन केला होता. "पोटात पान्याची गाठ हाय म्हनं. पुन्याला जा म्हंत्यात. मेंढ्या व्यायला झाल्यात, त्या मोकळ्या झाल्या की येतो." मी रडकुंडीला आले, तर तुम्ही हसलात. मेंढ्या मोकळ्या व्हायच्या आधीच गाठ पेठच्या माळावर फुटली. मी पोचले तेव्हा तुम्हाला घोंगडीवर निजवलं होतं.

मेंढीच्या पोटावर हात ठेवून आत एक कोकरू की दोन, हे तुम्ही सांगायचात, आणि चुकायचा नाहीत. तुमची लेक म्हणून मला ते शिकायचं होतं. राजुरीला एकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती, तेव्हा मी भराभरा तीन-चार मेंढ्या चाचपल्या आणि छाती काढून सांगितलं, हिला जुळी आहेत. तुम्ही सगळ्यांदेखत झापलंत. "हात लावायची लई घाई तुला. आदी मेंढीकडं बघ तरी, कशी उभी हाय ती. घाबारलीय, श्वास कोंडून धरलाय तिनं. सोडू दे. सोडला की पोट खरं सांगतं." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. त्या मेंढीला एकच कोकरू झालं, आणि ते तुम्ही मुद्दाम माझ्याच मांडीवर आणून ठेवलंत.

आता मी पोटं बघते, माणसांची. आमच्या दवाखान्यात एक नवं मशीन आलं आहे आणि ते तुम्हाला दाखवता येत नाही म्हणून गेले आठ दिवस मला चैन नाही. सोनोग्राफी आतलं हलतं-चालतं दाखवते, पण फासळ्यांमागं, फुप्फुसाच्या आडोशाला तिला दिसत नाही. सीटी स्कॅनला सगळं दिसतं, पण तो सकाळी काढलेला फोटो. सुई पुढं सरकताना तो काय सांगणार? हे मशीन दोन्ही एकत्र आणतं. मी पोटावर सोनोग्राफीचा प्रोब फिरवते, तो तिरका केला की शेजारी सकाळचं सीटीचं चित्र तितकंच तिरकं होतं. मग एक चित्र दुसऱ्यावर चढवायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मेलेला फोटो जिवंत चित्राबरोबर हलत होता, दादा.

गेल्या आठवड्यात पिंपरी पेंढारकडचे एक म्हातारबाबा आले. जन्मभर मेंढरं राखलेली, आणि गाठ तुमच्यासारखीच, पण यकृताच्या पार वरच्या टोकाला, फुप्फुसाला लागून. सोनोग्राफीत तिची नुसती कड दिसायची. हृदय साथ देणार नाही म्हणून ऑपरेशनला सर्जन नाही म्हणाले होते. राहिली होती सुई, तिनं गाठीतलं पाणी ओढून काढायचं. ती जरा चुकली तर फुप्फुसात जाणार, गाठीतलं पाणी आत सांडलं तर जोराची ॲलर्जी होऊन बाबा टेबलावरच जाणार. भूलतज्ज्ञ इंजेक्शन भरून शेजारी उभे होते. मी दोन्ही चित्रं एकावर एक चढवली. ती जुळेनात. रक्तवाहिन्या बोटभर खाली-वर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी म्हणत होते, "बाबा, श्वास घ्या, धरून ठेवा," आणि बाबा वैतागले. "धरलाय की! किती येळ धरू? पान्यात बुडी मारलीय व्हय मी?"

तेव्हा मी स्क्रीनवरची नजर काढली आणि माणसाकडं पाहिलं. छाती फुगवून, मुठी आवळून पडले होते बिचारे. मी विचारलं, आणि कशी कोण जाणे, आपली बोली तोंडात आली. "बाबा, सकाळी त्या मोठ्या मशिनीत श्वास कसा धरला व्हता?"

"धरला कुटं? लई भ्या वाटलं. सगळा सोडून दिला आन गप पडलो."

"मग आत्ता बी तसाच सोडा. आन गप ऱ्हावा."

त्यांनी श्वास सोडला. यकृत वर सरकलं आणि दादा, चित्रावर चित्र बसलं. वाहिनीवर वाहिनी, कडेवर कड, आणि मघापर्यंत जिथं नुसता अंधार होता तिथं ती गाठ पुरी गोल उभी राहिली. मी सुई उचलली. तुम्ही राजुरीच्या रानात सांगितलेलं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. सुई सरळ गेली. सिरिंजमध्ये पाणी आलं, झऱ्याचं असतं तसं नितळ. बाबा परवा घरी गेले, जाताना म्हणाले, "पोरी, तुजा बा कोन गं?" मी सांगितलं, मेंढरं राखायचे.

ते पाणी मी लहानपणीच पाहिलं होतं. मेंढरू कापलं आणि काळजावर, म्हणजे यकृतावर, पाण्याचे फोड निघाले की तुम्ही ते माझ्या हाती देऊन लांब खड्ड्यात पुरायला पाठवायचात. असलं खाल्लं की कुत्रं बिघडतं, एवढंच तुम्हाला ठाऊक होतं. त्या फोडातनंच कुत्र्याच्या पोटात रोग जातो आणि कुत्र्याच्या विष्ठेतून माणसात येतो, हे मी कॉलेजात वाचलं, तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी. वाचलं आणि पुस्तक मिटलं. आपला काळा कुत्रा तुमच्या घोंगडीत, तुमच्या पायाशी झोपायचा. तुमची गाठ त्याच्याकडनं आली की आधीच कुठून, हे आता कुठलंच मशीन सांगणार नाही.

हे पत्र त्या पिवळ्या फोटोच्या पाकिटात ठेवते आहे. खड्ड्याकडनं मी परत आले की तुम्ही दर वेळी विचारायचात, "पुरलं का नीट?" आणि मी हो म्हणायचे. नव्हतं पुरलं, दादा. कुत्रा माझ्या मागं मागं यायचा, आणि मला त्याची लई माया होती.