शिडीला दोष देऊ नका

प्रिय आनुत्सा,

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. का, ते सांगतो.

आपल्या शेजारची पलागा गेली. तिचा नवरा मित्रू प्लमच्या दारूची बाटली घेऊन माझ्याकडे हजर. ‘तोदेरकाका, तिच्या थडग्यावरचा क्रूस झकास करा. शिडीवरून पडली म्हणा. होतीच मेली वेंधळी. वाचून लोक हसले पाहिजेत!’ मी हो म्हटलं. गावातला प्रत्येक मेलेला क्रुसाच्या माझ्याच निळ्या फळीवर यमकांत ‘मी, मी’ करत हसवतो ना लोकांना! पण मेलेलं माणूस फळीवर खोटं बोलत नाही, हेही आपल्या गावात पहिल्यापासूनचं. म्हणून तुझ्या आत्याला विचारलं. पलागाला शेवटची आंघोळ तिनेच घातली होती. ती माझ्यावरच खेकसली, ‘दादा, शिडीला काय बोटं असतात? गळ्यावर पाचही उमटलीत. पाठीवर पट्ट्याचे वळ, जुन्यावर नवे.’

मग मी कोरलं. लाल ओठांची पलागा चुलीशी मक्याच्या पिठाची ममालिगा ढवळतेय, हसतेय, आणि मागे मित्रू, हातात पट्टा. खाली लिहिलं:

पलागा मी, झोपले इथे गार,
नवऱ्याच्या हातचा खाल्ला शेवटचा मार.
शिडीला, लोकहो, देऊ नका दोष,
बिचारी लाकडाची, तिला कसला रोष!

रविवारी प्रार्थना सुटल्यावर लोक थडग्याशी जमले. पहिल्या ओळीला सवयीने हसले. दुसरीला कुणी हसेना. मित्रू घरी गेला तो कुऱ्हाड घेऊनच आला. पहिल्या घावात पलागाचं डोकं फळीपासून सुटलं. मी वेड्यासारखा हात आडवा घातला, तर दुसऱ्या घावात माझी दोन बोटं गवतात पडली. रक्ताने सगळा निळा रंग माखला. चौघांनी त्याला दाबून धरला नसता तर तिसरा घाव माझ्या मानेवर होता. आणि खरं सांगू? कुऱ्हाड माझ्या हाती लागली असती तर मीच त्याची खांडोळी केली असती. आता तो कोठडीत आहे, पलागाच्या मृत्यूची चौकशी सुरू झालीय.

बोटांचं मला काही नाही. पण आत्याने गवतातून ते लाकडी डोकं उचललं आणि माझ्यापुढे धरलं. ‘दादा, ही पलागा कुठेय? ही तर आपली आनुत्सा!’ बघतो तर खरंच, तुझं नाक, तुझी हनुवटी, आणि डाव्या भुवईवरची ती जखमेची खूण. माझ्या हाताने मला न विचारताच कोरली होती. ईस्टरला तू म्हणालीस, ‘बाबा, जिन्यावरून घसरले.’ तुझा नवरा ग्लास भरत हसला. मीही हसलो, म्हणालो, ‘तुमच्या इटलीतल्या जिन्यांना एकदा चांगलं चोपायला हवं.’ तू मात्र ताटात बघत होतीस. मला तेव्हाच कळलं होतं गं. कळूनही मी हसलो.

पोरी, असशील तशी नीघ. सामान राहू दे, लोक काय म्हणतील ते मी बघतो. तीनशे मेलेल्यांची यमकं जुळवली मी. तुझ्या नावाचं जुळवायला मला बसवू नकोस.

त्या दिवशी हसलेला,
तुझाच बाबा