कोमल लाल निघाली

मंगळवार, संध्याकाळ

कोमल आज खो-खो खेळायला उतरलीच नाही. माझ्या पहिलीच्या वर्गात तिच्याइतकं जोरात कुणी पळत नाही. चपला हातात घेऊन भिंगरीसारखी सुटते. आज त्याच चपला पायात घालून लिंबाखाली बसली होती.

काल शाळेतल्या तपासणीत तिचं वजन तक्त्याच्या लाल रंगात, म्हणजे फारच कमी, आलं; पुरेसं वजन हिरव्यात येतं. आता तिची आई तरी कुठं अंगानं भरलेली आहे? सगळं घरच काटक. पण वजनकाट्याला हे कोण सांगणार?

"खेळत का नाहीस गं?"

"आई म्हणली, पळलं की वजन झडतं. म्या लाल हाय न्हवं, बाई? हिरवी झाल्यावर पळीन."

कधी होणार ही हिरवी? तिच्या पायांना आज धूळसुद्धा नव्हती.